अडुळसा: ओळख, काढा, रस आणि कुणी तो अजिबात घेऊ नये

खोकला म्हटलं की अडुळसा, हे मराठी घरात लहान पोरालाही माहीत असतं. पण पानं किती घ्यायची, रस कसा काढायचा, किती दिवसांनी थांबायचं आणि कुणाला मुळीच द्यायचा नाही, हे विचारलं तर दर घरात वेगळं उत्तर मिळतं. "मूठभर पानं उकळ आणि पी" एवढ्यावर बरेच जण भागवतात. माझं म्हणणं एवढंच आहे की अडुळसा हे खरंखुरं औषध आहे. ज्याचा गुण येतो त्याची मात्रा मोजावी लागते आणि त्याला मर्यादाही असतात. अंगणातलं झाड आहे म्हणून ते निरुपद्रवी आहे असं धरून चालणं धोक्याचं आहे.

पानात असं काय आहे

अडुळशाचं शास्त्रीय नाव जस्टिसिया अधाटोडा, जुन्या पुस्तकांत अधाटोडा वासिका. संस्कृतात वासा, वासक, वृष, आटरूषक. हे झुडूप मूळचं भारतीय उपखंडातलंच आहे आणि पानाचा कडूपणा त्यातल्या अल्कलॉइड गटातल्या द्रव्यांमुळे येतो. त्यातलं मुख्य द्रव्य व्हॅसिसिन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पानातून वेगळं काढलं गेलं. त्याच्या जोडीला व्हॅसिसिनोन असतं. श्वासनलिका सैल करणं आणि चिकट कफ पातळ करून सुटा करणं हा या द्रव्यांचा गुण.

व्हॅसिसिनच्या रेणूवरून पुढे प्रयोगशाळेत ब्रोमहेक्सिन नावाचं औषध तयार झालं आणि 1960 च्या दशकात ते बाजारात आलं. ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्याचं जे रूपांतर होतं, त्यातलंच एक म्हणजे अँब्रोक्सॉल. आज डॉक्टरांनी कफासाठी लिहून दिलेल्या बाटल्यांवर ही दोन नावं वारंवार दिसतात. म्हणजे दवाखान्यातली ती बाटली आणि परसातलं हे झुडूप यांचं नातं जवळचं आहे. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते: घरात अँब्रोक्सॉल किंवा ब्रोमहेक्सिन असलेलं सिरप चालू असेल, तर त्याच्या जोडीला अडुळशाचा काढा चालू करू नका. एकाच कामासाठी दोन औषधं पोटात जातात, आणि मळमळ सुरू झाली तर ती कशाने झाली हेही कळत नाही.

आधी झाडाची खात्री करा

अडुळसा साधारण एक ते अडीच मीटर उंच, दाट फांद्यांचं सदाहरित झुडूप. कोकणात आणि घाटाखाली परसात, देशावर विहिरीच्या कडेला, बांधावर, गावठाणातल्या पडक्या भिंतींशी तो सहज सापडतो. गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला त्याची रांग लावायची जुनी पद्धत आहे.

ओळखताना या खुणा एकत्र पाहा. पानं समोरासमोर जोडीने येतात. प्रत्येक पान एकसंध, भाल्याच्या पात्यासारखं लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळतं असतं, लांबी बहुधा 10 ते 20 सेंटिमीटर. कडा गुळगुळीत असते, दाते नसतात. वरची बाजू गडद हिरवी, खालची फिकट. पान चुरगळलं की एक विशिष्ट उग्र वास येतो, चघळलं तर लगेच कडू लागतं. फांदीच्या पेरांवर थोडी फुगवटी असते. हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून फांद्यांच्या शेंड्याकडे हिरव्या पानासारख्या छदांचे दाट तुरे येतात आणि त्यांतून पांढरी, दोन ओठांची फुलं डोकावतात. खालच्या ओठावर जांभळट-गुलाबी रेघा असतात. फूल पाहिलं की शंका उरत नाही, म्हणून पहिल्यांदाच झाड ओळखत असाल तर फुलोऱ्याच्या दिवसांतच ओळखून ठेवा.

दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला महारुखाचा. महारुख हा मोठा वृक्ष, त्याचा अडुळशाशी काही संबंध नाही. पण गुजरातीत अडुळशाला अरडूसी आणि महारुखाला अरडूसो म्हणतात, आणि वाळलेल्या पानांच्या व्यापारात एकाच्या नावाखाली दुसरं खपवलं जातं. ताज्या फांदीवर फरक उघड आहे: महारुखाचं पान संयुक्त असतं, एका लांब देठावर अनेक पर्णिका, त्यांच्या कडा मोठ्या दात्यांच्या आणि बूड तिरपं. चुरा झाल्यावर मात्र नवख्याला काही कळत नाही. म्हणून सुटा, उघड्यावर विकला जाणारा पानांचा चुरा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा घोळ काळ्या अडुळशाचा. ही याच गणातली वेगळी जात. पानं पुष्कळ अरुंद, खोड आणि पानाची मधली शीर जांभळट-काळसर. वैद्य तिचा उपयोग वेगळ्या कारणांसाठी करतात. खोकल्याच्या घरगुती काढ्यात ती घालायची नाही.

नर्सरीतून रोप आणत असाल तर पाटीवरच्या नावावर विसंबू नका. वरच्या खुणा स्वतः तपासा.

पानं कुठली, कधी तोडायची

रस्त्याच्या कडेची, गटाराजवळची, कारखान्याच्या आवारातली पानं नकोत. शेताच्या बांधावरची घेणार असाल तर शेतात फवारणी कधी झाली ते आधी विचारा. बांधावरच्या झाडावर तणनाशकाचे शिंतोडे उडालेले असतात आणि ते नुसत्या धुण्याने पूर्ण जात नाहीत.

पूर्ण वाढलेलं, जून पान घ्यावं. कोवळी पालवी नको. काढ्यासाठी पिवळसर झाक आलेलं, पिकायला लागलेलं पान निवडायची रीत बऱ्याच घरांत आहे, तीही ठीक आहे. पण बुरशीचे डाग पडलेलं, किडीने खाल्लेलं किंवा जमिनीवर गळून पडलेलं पान घेऊ नका. सकाळी दव सुकल्यावर तोडा, वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळून धुवा. पानाच्या खालच्या बाजूला बारीक लव असते आणि तिच्यात धूळ अडकून बसते.

वर्षभरासाठी साठवायची असतील तर पानं सावलीत, हवेशीर जागी, सुती कापडावर एकेरी पसरून वाळवा. रोज उलटी-सुलटी करा. उन्हात वाळवलेलं पान तपकिरी पडतं. हातात घेऊन कुस्करल्यावर कडकन तुटलं की वाळलं. मग काचेच्या बरणीत, कोरड्या जागी. बरणीवर नाव आणि महिना लिहून ठेवा, आणि वर्षाच्या आत वापरा. पावसाळ्यात बरणी उघडल्यावर कुबट वास आला तर सगळं टाकून द्या.

आता घरच्या औषधाची अडचण सांगतो. पानातल्या व्हॅसिसिनचं प्रमाण ऋतूप्रमाणे, जमिनीप्रमाणे, पानाच्या वयाप्रमाणे बदलतं. मागच्या वेळी पाच पानांनी जे झालं, ते या वेळी पाच पानांनी कमी-जास्त होईल. म्हणून सुरुवात नेहमी कमी मात्रेने करावी.

हा अडुळशाचा खोकला आहे का?

पातेलं चुलीवर ठेवण्याआधी हा प्रश्न सोडवा. अडुळसा शोभतो तो कफाच्या खोकल्याला: छातीत घरघर आहे, बेडका चिकट आहे, खोकून खोकून सुटत नाही, सुटला तर पिवळसर येतो. सर्दीनंतर छातीत उतरलेला कफ हे त्याचं नेहमीचं क्षेत्र.

कोरडी ढास वेगळी. घशात खवखव, रात्री आडवं झालं की उबळ, कफाचा पत्ता नाही. आयुर्वेदाच्या भाषेत अडुळसा कडू-तुरट आणि थंड, तो कफ-पित्तावर चालतो. कोरड्या खोकल्यात वैद्यमंडळी आधी ज्येष्ठमध, खडीसाखर, तूप अशा स्निग्ध गोष्टींकडे वळतात. माझाही सल्ला तोच: नुसती कोरडी ढास असेल तर कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या आणि मध एवढ्यावर दोन-तीन दिवस काढा, अडुळसा लगेच नको.

जेवणानंतर आडवं झाल्यावर येणारा, आंबट ढेकरांबरोबरचा खोकला ॲसिडिटीचा असू शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही, विशेषतः ज्यांची नावं 'प्रिल'ने संपतात त्यांनी, महिनोन्‌महिने कोरडा खोकला येतो. तिथे कितीही काढा प्या, उपयोग होत नाही. डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेतली की खोकला जातो. गोळी स्वतःहून मात्र बंद करायची नाही.

काढा करायची पद्धत

हे माप एका प्रौढ माणसाच्या एका दिवसाचं आहे.

1. मध्यम आकाराची चार-पाच ताजी पानं घ्या, वजनाने साधारण 8 ते 10 ग्रॅम. घरात छोटा वजनकाटा असेल तर वापरा, पानांच्या आकारात फार फरक असतो. वाळलेलं पान असेल तर 3 ते 4 ग्रॅम पुरे.

2. देठ काढून पानं हाताने तोडा किंवा जाडसर चिरा. मिक्सरमधून काढू नका, काढा गढूळ होतो आणि गाळताना त्रास देतो.

3. स्टीलच्या पातेल्यात दोन कप, म्हणजे सुमारे 300 मिली पाणी घालून पानं त्यात टाका. ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई उडालेलं पितळी भांडं नको.

4. झाकण न ठेवता मंद आचेवर उकळा. पाणी आटून अर्धा कप राहिलं की उतरवा. याला पंधरा ते वीस मिनिटं लागतात. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत आटवलेला काढा नुसता रंगाचा होतो.

5. पातळ फडक्यातून गाळा, पानं पिळून घ्या.

6. दोन भाग करा. एक सकाळी नाश्त्यानंतर, एक संध्याकाळी जेवणानंतर. उपाशीपोटी घेतला तर बऱ्याच जणांना मळमळतं.

कडवटपणा सोसवत नसेल तर काढा कोमट झाल्यावर चमचाभर मध घाला, उकळत्या काढ्यात घालायची आपल्याकडे पद्धत नाही. खडीसाखरही चालते. उकळताना सुंठेचा छोटा तुकडा किंवा तुळशीची चार पानं टाकली तर हरकत नाही. ज्येष्ठमधाबद्दल मात्र जपा. ते चवीला गोड, पण सतत घेतलं तर रक्तदाब वाढवतं आणि शरीरातलं पोटॅशियम घटवतं. ब्लड प्रेशरच्या किंवा हृदयाच्या माणसाच्या काढ्यात ज्येष्ठमध नको.

काढा रोज ताजा करा. सकाळचा उरलेला संध्याकाळपर्यंत फ्रीजमध्ये राहील, दुसऱ्या दिवशी तो टाकायचा. आणि दहा-बारा वस्तू कोंबलेला "इम्युनिटी काढा" करून त्यातच अडुळसा टाकायचा मोह टाळा. मिरी, लवंग, दालचिनी, सुंठ सगळं एकत्र आटवलं की पोटात आग पडते, तोंड येतं, आणि नाव अडुळशाचं बदनाम होतं.

रस काढताना पान आधी वाफवा

ताजी पानं वाटून पिळली तर हाताला फारसं काही लागत नाही. अडुळशाचं पान तसं कोरडं, त्यातून रस सहज सुटत नाही. लोक मग त्यात पाणी घालून मिक्सर फिरवतात आणि त्या हिरव्या पाण्यालाच रस म्हणून पितात. त्यात औषध किती आणि पाणी किती, कुणालाच सांगता येत नाही.

जुन्या वैद्यांनी यावर पुटपाकाची युक्ती काढली. पानं ठेचून गोळा करायचा, तो वडाच्या किंवा जांभळीच्या पानांत गुंडाळून सुतळीने बांधायचा, वरून ओल्या मातीचा बोटभर जाड लेप द्यायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ठेवायचा. माती तांबूस झाली की बाहेर काढून, आतला गोळा गरम असतानाच फडक्यात पिळायचा. रस भरपूर सुटतो. गावी चूल असेल आणि वेळ असेल तर हे जरूर करून पाहा, फार सुंदर पद्धत आहे.

शहरातल्या स्वयंपाकघरात हेच काम वाफेवर होतं. पंधरा-वीस धुतलेली पानं मोदकपात्रात किंवा इडलीच्या भांड्यात दहा मिनिटं वाफवा. पानं मऊ पडून रंग उतरला की बाहेर काढा, हाताला सोसेल इतकी गार होऊ द्या, खलबत्त्यात किंवा पाट्यावर पाणी न घालता ठेचा आणि स्वच्छ पातळ कापडातून घट्ट पिळा. काही चमचे दाट, हिरवट-तपकिरी रस मिळेल.

हा रस काढ्यापेक्षा तेज असतो. आयुर्वेदात प्रौढांसाठी ताज्या रसाची मात्रा 10 ते 20 मिली सांगितली आहे, पण ती वैद्याने नाडी-प्रकृती पाहून द्यायची. स्वतःहून घेताना चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली रस आणि तेवढाच मध, दिवसातून दोन वेळा, यापुढे जाऊ नका. रस आणि काढा दोन्ही एकाच दिवशी घ्यायचे नाहीत.

आणखी काही रीती

अडुळशाच्या फुलांचा गुलकंद करतात: फुलं आणि खडीसाखर थरावर थर घालून बरणीत मुरवायचं. चवीला बरा, सौम्य, मोठ्या माणसांना चमचाभर चालतो. पण गुलकंद म्हणजे खाऊ नाही, फुलांनाही पुढच्या सगळ्या बंधनांचा नियम लागू आहे.

पानं वाफवून सुजलेल्या सांध्यावर बांधणं, काढ्याने हिरड्यांसाठी गुळण्या करणं हे बाहेरून करायचे उपाय. त्वचा शाबूत असेल तर करून पाहायला हरकत नाही. उघड्या जखमेवर पानांचा लगदा लावू नका.

वाळलेल्या पानांची विडी करून दम्यावर ओढायची जुनी चाल आहे, कधी त्यात धोतऱ्याची पानंही घालतात. हे कुणीही करू नये. दम्याच्या फुप्फुसात धूर भरणं घातक आणि धोतरा तर विषारी.

किती दिवस?

पाच दिवस, फार तर सात. कफ सुटा होऊन खोकला उतरणीला लागला असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मात्रा निम्मी करून थांबवा. सात दिवसांत फरक नसेल तर पानं वाढवायची नाहीत, डॉक्टर गाठायचा. मळमळ, उलटी, जुलाब किंवा अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी बंद. मात्रा जास्त झाल्याची पहिली खूण बहुधा उलटी-जुलाबच असते.

"खोकला येऊ नये म्हणून" रोज सकाळी अडुळसा पिणारे लोक मला भेटतात. त्याची काहीही गरज नाही. महिनोन्‌महिने रोज घेणं सुरक्षित आहे असं म्हणायला पुरेसा आधार नाही.

गरोदरपणात अजिबात नाही

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन घडवतं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात या द्रव्यावर सविस्तर काम झालं, ते त्याच्या याच गुणामुळे: प्रसूतीत कळा आणणारं, गर्भपात घडवू शकणारं द्रव्य म्हणून. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा परिणाम दिसलेला आहे.

म्हणून गरोदर बाईने अडुळशाचा काढा, रस, गुलकंद, चूर्ण, अवलेह (चाटण), आसव (आंबवून केलेलं औषध), अडुळसा असलेलं तयार सिरप, काहीही घ्यायचं नाही. पहिल्या महिन्यापासून शेवटपर्यंत. दिवस राहण्यासाठी प्रयत्न चालू असतील किंवा पाळी चुकलेली असेल तरीही नाही. घरात सून, लेक, भावजय खोकत असेल तर काढ्याचा पेला हातात देण्याआधी हे विचारायला संकोच करू नका. आणि विचारायचं अवघड वाटत असेल तर सरळ दुसरा उपाय द्या: वाफ, गुळण्या, कोमट पाणी आणि डॉक्टर.

बाळंतपण सोपं व्हावं म्हणून अडुळशाच्या मुळाचा लेप किंवा काढा देण्याची चाल काही भागांत होती. घरी हे करणं जिवावर बेतू शकतं. कळा किती, केव्हा आणि कशाने आणायच्या, हे दवाखान्यात बाळाच्या हृदयाचे ठोके पाहत ठरवायचं काम आहे.

अंगावर पाजणाऱ्या आईनेही वैद्य किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणखी कुणी जपायचं

पाच वर्षांखालच्या मुलांना घरच्या घरी अडुळसा देऊ नका. लहान मुलाचा श्वास कसा चालला आहे, बरगड्या आत ओढल्या जात आहेत का, हे पाहणं कुठल्याही काढ्यापेक्षा महत्त्वाचं, आणि त्यासाठी बालरोगतज्ज्ञ हवा. एक वर्षाखालच्या बाळाला तर नुसता मधही चाटवायचा नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला डॉक्टरांनी हो म्हटल्यावर प्रौढाच्या निम्म्याहून कमी मात्रा, दोन-तीन दिवस.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी दोन बाजूंनी सावध राहावं. अडुळशाच्या पानांच्या अर्काने साखर उतरल्याचं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. उलट बाजारातल्या अवलेह-सिरपांत साखर भरपूर असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, यकृत-मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. "आयुर्वेदिक आहे, त्यांना काय सांगायचं" असं म्हणून लपवू नका.

दम्याच्या रुग्णाने पंप बंद करून अडुळसा घ्यायचा नाही. दम्याच्या जोराच्या झटक्यात श्वासनलिका मिनिटांत आवळतात, काढा आटायलाच वीस मिनिटं लागतात. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर पंप द्या आणि 108 ला फोन करा.

थुंकीत रक्त दिसलं तर

याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आयुर्वेदात एक सुप्रसिद्ध वचन आहे, त्याचा भावार्थ असा: जगण्याची आशा आहे आणि वासा हाताशी आहे, तर रक्तपित्ताच्या (म्हणजे अंगातून रक्त जाण्याच्या आजाराच्या), क्षयाच्या, खोकल्याच्या रोग्याने का खचावं? ज्या काळात क्षयावर दुसरं काहीच नव्हतं त्या काळात या शब्दांनी कितीतरी लोकांना धीर दिला असेल. पण आज त्याच शब्दांच्या भरवशावर गावोगाव माणसं महिना-दोन महिने अडुळसा पीत राहतात. कफ थोडा सुटा होतो, बरं वाटतं, तपासणी लांबते, आणि तोवर घरातल्या नातवंडांपर्यंत जंतू पोचलेले असतात.

क्षयाचा जंतू अडुळशाने मरत नाही. त्याला ठरावीक औषधांचा किमान सहा महिन्यांचा कोर्स लागतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम, उतरणारं वजन, थुंकीत रक्ताची तार: यातलं काहीही असेल तर काढा बाजूला ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि थुंकी तपासून घ्या. तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, औषधंही मोफत मिळतात. वाट सापडत नसेल तर गावातल्या आशाताईंना विचारा. क्षयाची औषधं चालू असताना अडुळसा घ्यावा का, हे औषध देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. त्या गोळ्यांच्या जागी तो घ्यायचा नाही, एवढं पक्कं.

रक्तस्राव थांबवणारं औषध म्हणूनही अडुळशाची ख्याती आहे. त्यामुळे नाकातून रक्त, मूळव्याध, अंगावरून जास्त जाणं अशा तक्रारींवर बायका-माणसं परस्पर रस घेतात. वैद्य तो देतात, पण कारण शोधून. अंगावरून जास्त जाण्यामागे गाठ असू शकते, गर्भपात होत असू शकतो, आणि शौचातलं रक्त दर वेळी मूळव्याधीचंच नसतं. रक्त दिसलं की पहिली पायरी तपासणीची.

ताप तीन दिवसांहून जास्त टिकला, छातीत दुखू लागलं, धाप लागली किंवा म्हातारं माणूस खोकल्याबरोबर असंबद्ध बोलू लागलं, तरीही थांबू नका. न्यूमोनियाला अडुळसा पुरत नाही.

बाजारातून घेताना

वासावलेह, वासारिष्ट, वासाघृत ही शास्त्रोक्त औषधं, आणि अडुळसा घातलेली सिरपं तर ढीगभर. लेबलावर उत्पादन परवाना क्रमांक, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, आणि प्रत्येक घटकाचं प्रमाण लिहिलेलं असलं पाहिजे. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून आलेला मद्यार्क असतो. लहान मुलं, यकृताचे रुग्ण आणि दारू सोडलेली माणसं यांनी ती टाळावीत. कनकासव अडुळशाचंच समजून कुणी घेतं, पण त्यात धोतराही असतो, तेव्हा ते वैद्याच्या सल्ल्यानेच. आणि बाटलीबरोबर आलेलं मापाचं झाकणच वापरा, घरातला मोठा चमचा नको.

झाड लावायचं असेल तर

याहून सोपं झाड नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला जून झालेल्या फांदीचे 15 ते 20 सेंटिमीटरचे, तीन-चार पेरं असलेले तुकडे कापा, दोन पेरं मातीत जातील असे तिरपे खोचा. चांगला निचरा होणारी कुठलीही माती चालते, पाणी साचलं तर मात्र मुळं कुजतात. कुंपणासाठी दोन-तीन फुटांवर एक, औषधापुरतं म्हणाल तर एकच झाड घराला पुरतं. गॅलरीत बारा इंची कुंडीत येतं, चार-पाच तास ऊन हवं. फुलोरा संपल्यावर उन्हाळ्यात गुडघ्याएवढं ठेवून छाटा, पहिल्या पावसात दाट फुटतं. छाटलेली पानं वाया घालवू नका. भातखाचरात हिरवळीचं खत म्हणून ती गाडायची चाल आहे, आणि किडीला ती मानवत नसल्याने फळांच्या अढीतही घालतात.

लावल्यापासून पहिलं वर्षभर पानं तोडू नका, झाडाला अंग धरू द्या. नंतरही एका वेळी एका फांदीवरची सगळी पानं ओरबाडायची नाहीत. शेजारी कुणी पानं मागायला आलं तर किती पानं आणि किती दिवस ते सांगा, आणि कुणासाठी हवीत तेही आधी विचारा.